वर्दी उतरवलेले मास्तर

कोणत्याही धंद्यात मुरलेला माणूस निवृत्त झाला की, आपण आयुष्यभर जे केले ते चार तरुणांना शिकवावे, असे त्याला वाटू लागते. त्यात गैर काही नाही. वैद्याने वैद्यकी शिकवावी, गवंड्याने भिंत कशी रचावी ते शिकवावे, हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. अमेरिकेत अशा शिकवणाऱ्यांमध्ये निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचा भरणा मोठा आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस वर्षे नोकरी झाली की पन्नाशीच्या आगेमागे पोलिसाला पेन्शन घेऊन बाहेर पडता येते. अंगात जोर शिल्लक असतो, हाताशी वेळ असतो आणि गाठीला गोष्टी तर पोतेभर असतात. गावातल्या कम्युनिटी कॉलेजात 'क्रिमिनल जस्टिस' नावाचा विषय असतो. फौजदारी कायदा, पोलीस, न्यायालये आणि तुरुंग या सगळ्या व्यवस्थेचा हा अभ्यास. तो शिकवायला माणूस हवाच असतो. अशा रीतीने कालचा साहेब आज खडू हातात घेऊन वर्गात उभा राहतो.

हे चांगले की वाईट, यावर तिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. वरवर पाहता हा प्राध्यापकांचा आपसातला वाद वाटेल. पण या वर्गांतून बाहेर पडणारी बरीच मुले पुढे कमरेला पिस्तूल लावून रस्त्यावर गस्त घालतात, त्यामुळे प्रश्न कॉलेजच्या भिंतीत मावत नाही. शिवाय अनुभवी माणसाने नवख्याला काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

आधी हे कम्युनिटी कॉलेज काय असते ते पाहू. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतले कॉलेज त्याच्या पुढचे. शाळा संपल्यावरची पहिली दोन वर्षे तिथे शिकता येतात आणि शेवटी 'असोसिएट' नावाची पदवी मिळते. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली असे एक कॉलेज निघाले आणि आज सरकारी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजांची संख्याच हजाराच्या आसपास आहे. विद्यापीठाच्या मानाने फी कमी, प्रवेशाला गुणांची चढाओढ नाही, वर्ग संध्याकाळीही भरतात. त्यामुळे दिवसा दुकानात काम करणारा मुलगा, दोन लेकरांची आई, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी स्थलांतरितांची पोरे असा सगळा गोतावळा तिथे जमतो. 'क्रिमिनल जस्टिस'च्या वर्गात पोलीस व्हायला निघालेला तरुण असतो, तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी धरू पाहणारा असतो, न्यायालयात कारकुनी करू इच्छिणारी मुलगी असते. आणि ज्याचा भाऊ किंवा बाप तुरुंगात आहे, असाही कोणी त्याच बाकावर असू शकतो.

अशा वर्गाला निवृत्त पोलीस आवडतो, यात नवल नाही. तो पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवत नाही. रात्री अडीच वाजता नवरा-बायकोच्या मारामारीच्या घरात शिरताना दाराच्या कोणत्या बाजूला उभे राहावे, ते तो सांगतो. अपघातात गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना ती बातमी कशी सांगावी, साक्षीला उभे राहिल्यावर बचावाचा वकील कुठे पकडतो, अहवालात एक शब्द मोघम पडला तर खटला कसा सुटतो, हे सारे त्याने भोगलेले असते. कॉलेजलाही तो सोयीचा. तासावर पैसे घेतो, कायम नोकरी मागत नाही, आणि गावच्या पोलीस खात्यात त्याची ओळख असल्याने मुलांना नोकरीचा मार्ग दिसतो. नियमही आड येत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत इतिहास शिकवायला एम.ए. लागते. हा विषय मात्र ज्या यादीत आहे, तिथे साधी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा असोसिएट पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव पुरतो. म्हणजे अनुभव हीच पात्रता, असे नियमाने मान्य केले आहे.

गंमत अशी की, पोलीस आणि कॉलेज यांचा संबंध पहिल्यांदा जुळवला, तो माणूस स्वतः फारसा शिकलेला नव्हता. ऑगस्ट व्होल्मर १९०५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावचे पोलीसप्रमुख झाले. फिलिपाइन्सच्या लढाईत सैनिक म्हणून गेलेला, टपालखात्यात काम केलेला हा गृहस्थ. शिपायांना कायदा, पुरावा, शरीरशास्त्र यांची माहिती हवी म्हणून त्यांनी १९०८ साली आपल्या ठाण्यातच शाळा काढली. १९१६ पासून बर्कलीच्या विद्यापीठात पोलिसांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले. डॉक्टरेट मिळवलेला माणूस त्यांनी शिपाई म्हणून नेमला, तेव्हा लोक हसले होते. पुढे व्होल्मर स्वतः शिकागोला आणि मग बर्कलीला प्राध्यापक झाले. वर्दी उतरवून मास्तर झालेल्यांचे ते मूळपुरुषच. पण त्यांच्या धडपडीचा रोख ध्यानात घ्यायला हवा. विद्यापीठाजवळ जे ज्ञान आहे ते ठाण्यात यावे, अशी त्यांची इच्छा होती. ठाण्यातले जसेच्या तसे विद्यापीठात जावे, असे त्यांना अभिप्रेत नव्हते.

पुढे झाले मात्र बरेचसे उलट. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतली शहरे पेटली. वर्णभेदाविरुद्धची आंदोलने, दंगली, वाढते गुन्हे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ साली अहवाल दिला आणि पुढेमागे प्रत्येक पोलीस पदवीधर असावा, असे ध्येय ठेवले. १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची तिजोरी उघडली. पोलिसांना आणि पोलीस होऊ पाहणाऱ्यांना कर्जे आणि अनुदाने मिळू लागली. पैसा आला की दुकाने निघतात, हा जगाचा नियम आहे. देशभर शेकडो कॉलेजांनी हा विषय सुरू केला. आता शिकवणार कोण? या विषयाचे प्राध्यापक आकाशातून पडणार नव्हते. मग गावातला निवृत्त कॅप्टन, रजेवर असलेला हवालदार, वेळ पडली तर नोकरीतलाच अधिकारी वर्गावर पाठवला गेला.

दहा वर्षांनी, १९७८ साली, लॉरेन्स शेरमन या तरुण संशोधकाने एका राष्ट्रीय समितीच्या वतीने या शिक्षणाची झाडाझडती घेतली. त्यांना दिसले ते असे, की पुष्कळ ठिकाणी कॉलेजच्या नावाखाली पोलीस प्रशिक्षण केंद्रातलेच धडे गिरवले जात आहेत. ज्या शिक्षणाने पोलिसाला आपल्या खात्याकडे दुरून पाहता यावे, ते खात्याचीच री ओढत होते. शेरमन समितीने निवृत्त पोलिसांना वर्गाबाहेर काढा, असे मात्र म्हटले नाही. तिचे म्हणणे फार मोजके होते. शिक्षक निवडताना पोलीस खात्यातली पूर्वीची नोकरी ही अट असू नये आणि अडथळाही असू नये. मला हे वाक्य या वादातले सर्वांत शहाणे वाक्य वाटते. पण शहाणी वाक्ये अहवालात राहतात. केंद्राचा पैसा पुढे आटला, १९८२ साली ते खातेही बंद झाले. वर्ग मात्र चालूच राहिले आणि मास्तरही.

आता अनुभवाची बाजू नीट पाहू. मी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांत अनुभवाला मोठा मान. बँकेत कर्ज देणारा जुना शाखाधिकारी असे, त्याच्याबद्दल सांगत की, माणूस दारातून आत आला की साहेब ओळखतात, हा फेडणार की बुडवणार. त्याच्या शाखेत थकबाकी कमी असे, त्यामुळे त्याची नजर सिद्धच मानली जाई. बँकांच्या प्रशिक्षण केंद्रात असे साहेब येऊन बोलले की नवे अधिकारी भारावून जात.

पण या नजरेत एक मोठी पोकळी असते. ज्याला कर्ज दिले आणि बुडाले, तो खातेदार वहीत दिसतो. ज्याला चेहरा पाहून परत पाठवले आणि ज्याने दुसऱ्या बँकेतून कर्ज काढून ते वेळेवर फेडले, त्याची नोंद आपल्या कोणत्याच वहीत नसते. साहेबांची नजर त्याच्या बाबतीत चुकली, हे साहेबांना कधीच कळत नाही. वर्षामागून वर्षे जातात. बरोबर ठरलेले अंदाज आठवणीत साठतात, एका जातीच्या चुका दृष्टीआडच राहतात. साहेबांची खात्री तेवढी वाढत जाते. यात लबाडी काही नाही, धंद्याची रचनाच तशी आहे.

पोलिसाचेही असेच होते. क्लीव्हलँड शहरात १९६३ च्या ऑक्टोबरात मार्टिन मॅकफॅडन नावाचा जुना गुप्तहेर साध्या वेशात उभा होता. जवळजवळ चार दशकांची नोकरी झालेली. दोन माणसे एका दुकानाच्या काचेत पुनःपुन्हा डोकावून जाताना त्याने पाहिली आणि दरोड्याचा बेत आहे, असे ताडले. पुढे जाऊन झडती घेतली तर खरोखरच पिस्तुले निघाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६८ साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितले की, अटक करण्याइतका पुरावा नसला तरी अनुभवी पोलिसाला दिसलेल्या ठोस गोष्टींवरून रास्त संशय आला, तर तो माणसाला थांबवून वरवर झडती घेऊ शकतो. 'टेरी विरुद्ध ओहायो' हा तो निकाल. या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात तो शिकवला जातो. मॅकफॅडनची गोष्ट मुलांना आवडते, कारण तीत नजर जिंकते.

गोष्टीचा पुढचा भाग न्यूयॉर्कमध्ये घडला, आणि तो गोष्टीसारखा सांगता येत नाही, कारण तो आकड्यांत आहे. त्या शहराने याच निकालाच्या आधारावर रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा सपाटा लावला. २०११ या एका वर्षात ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा लोकांना थांबवले गेले. बहुतेक जण काळे किंवा लॅटिन अमेरिकी वंशाचे. दहांपैकी जवळजवळ नऊ जणांवर पुढे अटक किंवा समन्स यांपैकी काहीच झाले नाही. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा २००४ ते २०१२ या काळातल्या ४४ लाख घटनांचा हिशेब मांडला गेला. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक वेळा अंगझडती झाली होती, आणि शंभर झडत्यांमागे हत्यार सापडले होते ते दीड वेळा. २०१३ साली न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने चालली होती ती घटनाबाह्य ठरवली.

आता झडत्या थांबल्या की रक्ताचे पाट वाहतील, असे कित्येक अनुभवी अधिकाऱ्यांनी बजावले होते. २०१५ साली थांबवण्याच्या घटना २३ हजारांच्याही खाली आल्या. २०११ साली शहरात ५१५ खून झाले होते, २०१५ साली ३५२ झाले. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत देशभर खून वाढले, न्यूयॉर्कमध्येही वाढले, तरी २०११ चा आकडा गाठला गेला नाही. यावरून झडतीचा काहीच उपयोग नसतो, असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. एवढेच म्हणता येते की, अनुभवाने जे छातीठोक सांगितले होते ते घडले नाही. ज्या शंभरांतल्या साडेअठ्ठ्याण्णव लोकांजवळ काही सापडले नाही, ते खिसे झटकून घरी गेले. ज्याने त्यांना थांबवले त्याच्या आठवणीत ते राहिले नाहीत. आठवणीत राहिला तो दीड. पंधरा वर्षांनी वर्गात गोष्ट सांगितली जाते, ती त्या दीडाची.

कादंबरीकार म्हणून मला गोष्टीची ताकद ठाऊक आहे. चांगली सांगितलेली एक गोष्ट वाचकाच्या मनात शंभर आकड्यांना हरवते. म्हणूनच गोष्टीवर काम चालवणाऱ्या वर्गाची काळजी वाटते. गोष्टीचा नियम कसा होतो, याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. डेनिस ट्युलर हा सॉल्ट लेक सिटीचा पोलीस, नेमबाजीचा शिक्षक. चाकू घेतलेला माणूस किती अंतरावरून धोकादायक, असा प्रश्न त्याला वर्गात पडला. त्याने साधा प्रयोग केला. माणूस २१ फूट धावायला साधारण दीड सेकंद घेतो आणि पोलिसाला पिस्तूल काढून गोळ्या झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. १९८३ साली त्याने एका मासिकात लेख लिहिला. सांगायचे होते ते एवढेच की सावध राहा, अंतर ठेवा, आडोसा शोधा. वर्गावर्गातून हा लेख फिरला आणि फिरता फिरता त्याचा 'एकवीस फुटांचा नियम' झाला. चाकूवाला २१ फुटांच्या आत आला की गोळी घालणे रास्त, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला. आपण नियम म्हणून असे काही सांगितलेच नव्हते, हे ट्युलरने नंतर स्पष्ट केले. २०१६ साली अमेरिकेतल्या पोलीसप्रमुखांच्याच एका मोठ्या संशोधन संस्थेने हा तथाकथित नियम शिकवणे सोडून द्या, असे सांगितले. तोवर तीस वर्षे गेली होती आणि मनोरुग्णांवर, दारू प्यालेल्यांवर झाडलेल्या कितीतरी गोळ्यांचे समर्थन या नियमाने झाले होते.

यावर कोणी म्हणेल, मग पोलीस होण्यासाठी पदवीची सक्ती करा, म्हणजे झाले. मिनेसोटा राज्याने तेच केले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पोलीस व्हायला किमान दोन वर्षांची पदवी लागते. अशी अट घालणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. तरीही २५ मे २०२० रोजी याच राज्यातल्या मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून डेरेक चॉविन या पोलिसाने त्याचा जीव घेतला. चॉविनजवळ पोलीसविद्येतली विद्यापीठाची पदवी होती.

त्या प्रसंगातला एक तपशील मात्र बातम्यांच्या गदारोळात मागे पडला. चॉविनची १९ वर्षे नोकरी झालेली होती आणि नव्या पोलिसांना रस्त्यावर शिकवण्याचे काम त्याच्याकडे होते. म्हणजे तोही मास्तरच. त्याने ज्याला हाताखाली घेऊन शिकवले होते, तो अलेक्झांडर कुएंग त्या क्षणी फ्लॉइडच्या पाठीवर होता. पाय धरून बसलेला थॉमस लेन पूर्ण अधिकारी म्हणून रुजू होऊन काही दिवसच झाले होते. पालथ्या पडलेल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून कुशीवर वळवावे, हे या नव्या मुलांना प्रशिक्षणात सांगितलेले होते. लेनने विचारलेही, याला कुशीवर वळवायचे का? एकदा विचारले, पुन्हा विचारले. चॉविनने नकार दिला. नवख्याला उत्तर माहीत होते आणि त्याने ते प्रश्नाच्या रूपात मांडले. पण समोर १९ वर्षांचा अनुभव होता. मुलगा गप्प बसला. २०२२ साली केंद्रीय न्यायालयाने लेनला, मदत केली नाही म्हणून, आणि कुएंगला, त्याशिवाय समोर चाललेले थांबवले नाही म्हणूनही, तुरुंगात पाठवले.

चॉविनवरचा खटला २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये चालला. त्यात एप्रिलमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोन माजी पोलीस तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि दोघेही शिकवणारे होते. सरकार पक्षाकडून आले सेथ स्टाउटन. फ्लोरिडात टॅलाहॅसी शहरात पोलीस होते, पुढे कायदा शिकले आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाले. कोणताही विवेकी पोलीस असे वागला नसता, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बचाव पक्षाकडून आले बॅरी ब्रॉड. कॅलिफोर्नियातल्या सांता रोसा शहराच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आणि तिथल्याच ज्युनिअर कॉलेजच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवलेले. चॉविनचे वागणे समर्थनीय होते, असे त्यांचे मत पडले. चित्रफीत दोघांनी एकच पाहिली होती. २० एप्रिलला पंचांनी चॉविनला तिन्ही आरोपांखाली दोषी ठरवले.

कोण खरे बोलले आणि कोण खोटे, हा इथे मुद्दा नाही. दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे बोलले असतील. मुद्दा असा की, वर्दीचा अनुभव दोघांजवळ होता. ब्रॉड यांच्याजवळ तो कितीतरी अधिक वर्षांचा होता. तरी निष्कर्ष उत्तर आणि दक्षिण ध्रुवासारखे. तेव्हा अमुक इतकी वर्षे पोलिसात काढली, एवढ्यावरून तो माणूस वर्गात काय शिकवेल याचा अंदाज बांधता येत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर अनुभव हे भांडवल आहे यात शंका नाही, पण ताळेबंदात दाखवण्याआधी त्याची तपासणी व्हावी लागते. स्वतःच्या खात्याच्या बाहेर जाऊन, कायदा, आकडेवारी, दुसऱ्या बाजूचे म्हणणे यांच्या उजेडात आपला अनुभव घासून पाहिलेले माजी पोलीस उत्तम शिक्षक झाले आहेत. पीटर मॉस्कोस हे बाल्टिमोरच्या गल्ल्यांत गस्त घातलेले समाजशास्त्रज्ञ आज न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजात प्राध्यापक आहेत. उलट्या दिशेनेही कोणी गेले. जॉर्जटाउन विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या रोझा ब्रुक्स यांनी चाळिशी उलटल्यावर वॉशिंग्टनमध्ये राखीव पोलीस म्हणून वर्दी चढवली आणि त्यावर पुस्तक लिहिले. दोन्ही घरचे पाणी प्यालेल्या अशा माणसांचे बोलणे ऐकण्यासारखे असते.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्याकडे काय? महाराष्ट्रात शिपाईभरतीला बारावी पास लागते. फौजदारांना घडवणारी नाशिकची अकादमी शंभर वर्षांहून जुनी आहे. पण खरे शिक्षण त्याआधीच सुरू होते, हे तालुक्याच्या गावी पहाटे पाचला मैदानावर गेल्यास दिसेल. मुलगे सोळाशे मीटर धावत असतात, मुली आठशे, कोपऱ्यात गोळाफेक चाललेली असते. गावोगाव निघालेल्या या भरती अकादम्यांत निवृत्त फौजी किंवा निवृत्त पोलीस शिट्टी घेऊन उभे असतात. शेतकऱ्यांची, मजुरांची पोरे महिन्याची फी भरून तिथे राहतात. आईने मंगळसूत्र गहाण ठेवलेलेही असते. शारीरिक चाचणीचे ५० गुण, लेखीचे १००. शिकवले जाते ते या दीडशे गुणांपुरते. त्याबद्दल अकादमीला दोष देता येणार नाही, परीक्षाच तशी आहे. पण सरावाच्या मधल्या वेळात, चहाच्या टपरीवर, साहेब जे सांगतात ते त्या मुलाच्या मनात पोलीस म्हणजे काय याचे पहिले चित्र काढते. आरोपी बोलता कसा होतो, फिर्याद टाळायची कशी, कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला उभे ठेवायचे. हा अभ्यासक्रम कुठे छापलेला नाही.

आणि आजच्या घडीला या अनुभवाची आणखी एक अडचण झाली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीस वर्षे ज्यांच्या जिभेवर ३०२ होते त्यांना आता खुनासाठी १०३ म्हणावे लागते. ४२० जाऊन फसवणूक ३१८ मध्ये गेली. हा केवळ आकड्यांचा बदल असता तर पाठांतराने भागले असते. पण आता झडतीचे चित्रीकरण करायचे आहे, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी न्यायची तरतूद आहे. जुन्या पंचनाम्याच्या सवयीवर वाढलेल्या माणसाने हे स्वतः शिकून घेतल्याशिवाय दुसऱ्याला शिकवायचे कसे?

खात्याबाहेरच्या शिक्षकाने काय फरक पडतो, याचा धडा तर आपल्या घरातच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, तेव्हा संमती असावी, असा तर्क. पिढ्यान् पिढ्या ठाण्यांत आणि न्यायालयांत हाच 'अनुभव' चालत आला होता. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार यांच्याबरोबर त्यावर वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावे होती. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यांनी मांडली. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. चौघांपैकी कोणी ठाण्यात ड्यूटी केलेली नव्हती. म्हणूनच कदाचित त्यांना ती मुलगी दिसली.

निवृत्त पोलिसाला वर्गात येऊ देऊ नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो आलाच पाहिजे. त्याच्याशिवाय हा विषय कागदी होईल. पण त्याच्या शेजारी कायद्याचा माणूस हवा, आकडे मांडणारा हवा, आणि ज्याने तुरुंगाची किंवा ठाण्याची दुसरी बाजू पाहिली आहे असाही कोणी हवा. आणि त्याला नेमताना किती वर्षे नोकरी केलीत, या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न विचारला जावा. तुम्हाला ठाम वाटत असलेली कोणती गोष्ट नंतर हिशेबाने खोटी ठरली, आणि ती तुम्ही मुलांना कशी सांगाल? ज्याच्याजवळ याचे उत्तर आहे, त्याच्या हाती खुशाल खडू द्यावा.

ज्यांची मुले-मुली आज पहाटे उठून मैदानावर धावायला जातात, त्या आईबापांनीही फी भरताना साहेबांशी जरा बोलावे. धावण्याची वेळ किती कमी करून देणार, हे तर विचारावेच. त्याबरोबर आणखी एक विचारावे. साहेब चुकत आहेत असे आमच्या पोराला वाटले, तर ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोठ्याने बोलायला तुम्ही त्याला शिकवणार का?